३/४ क्ष = १८ : दोन संख्यारेषा काढा आणि आधी ‘एक’ कुठे आहे ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सातवीत आहे, क्ष + ५ = १२ किंवा ३ क्ष = २१ पटापट सोडवते, पण ३/४ क्ष = १८ आलं की कधी उत्तर साडेतेरा येतं तर कधी सव्वासतरा. क्लासमध्ये ‘अपूर्णांक उलटा करून पलीकडे गुणायचा’ असं सांगितलंय, ते चार दिवस राहतं आणि पाचव्या दिवशी ती भलत्याच अपूर्णांकाला उलटं करते. आईने कुठल्यातरी व्हिडिओत दोन संख्यारेषा एकाखाली एक काढून हेच गणित सोडवलेलं बघितलं आणि विचारलंय की हे काय प्रकरण आहे, घरी शिकवता येईल का, आणि पेपरात असं काढलं तर मार्क मिळतील का.

ताई, मी चोवीस वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवतेय, आणि तुमची ती दोन चुकीची उत्तरं वाचूनच मला मुलीची वही समोर उघडल्यासारखं झालं. म्हणून रेषा काढायच्या आधी त्या साडेतेरा आणि सव्वासतराबद्दल बोलते, कारण चूक कुठून येते ते कळलं नाही तर ही रेषासुद्धा अजून एक पाठ करायची गोष्ट होऊन बसेल.

साडेतेरा म्हणजे १८ चे पाऊण. तिने हिशोब अगदी बरोबर केलाय, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचा आहे. तिला वाटलं १८ हे पूर्ण आहे आणि त्याचं पाऊण काढायचंय, पण इथे १८ हेच पाऊण आहे आणि पूर्ण किती ते आपल्याला हवंय. सव्वासतरा म्हणजे १८ वजा ३/४. ही चूक तिची नाही हो, आम्हा शिक्षकांची आहे. ‘इकडचं तिकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हणतो की पोरं ३/४ उचलतात, बरोबरच्या चिन्हावरून पलीकडे टाकतात आणि समोर वजा लावून मोकळी होतात. मीही पहिली सहा-सात वर्षं हे वाक्य वर्गात ओरडून ओरडून सांगितलंय. मग एकदा एका मुलाने अगदी निरागसपणे विचारलं, “मॅडम, पलीकडे गेल्यावर त्याला कसं कळतं की आपण अधिकचे होतो का गुणिलेचे?” मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून ते वाक्य मी सोडलं.

आता रेषा. पेट्रोल पंपावर तुम्ही रोज बघता ती. मशीनवर एक आकडा लिटरचा पळतो, दुसरा रुपयांचा, आणि सुरू करायच्या आधी तो मुलगा म्हणतो “झीरो बघा”. दोन्हीकडे शून्य आहे ना ते बघायचं. मग दोन्ही आकडे बरोबर पळतात, अर्धा लिटर झालं की रुपयेही लिटरच्या भावाच्या निम्मे झालेले असतात. हे दोन आकडे आडवे पसरून ठेवले की झाली डबल नंबर लाइन, आपल्या भाषेत दुहेरी संख्यारेषा. सुताराच्या स्टीलच्या टेपवर वर इंच खाली सेंटिमीटर असतात तेही हेच आहे, १२ इंचाच्या बरोब्बर खाली बघा, साडेतीस सेंटिमीटरच्या केसभर अलीकडे खूण येते (३०.४८). घरात टेप असेल तर पहिला दिवस फक्त ती बघण्यात घालवा, वही उघडूच नका.

मग चौकटीची वही घ्या. कोरा कागद नको, मुलं रेषा तिरक्या काढतात आणि सगळा मुद्दाच जातो. दोन आडव्या रेषा, मध्ये दोन चौकटींचं अंतर, आणि दोन्हींचं शून्य एकाखाली एक. वरच्या रेषेला नाव द्या ‘भाग’, खालच्या रेषेला ‘संख्या’. नाव द्यायचा कंटाळा करू देऊ नका. छेदात चार आहे म्हणून वरच्या रेषेवर शून्यापासून एकपर्यंत चार सारखी घरं पाडायची, प्रत्येक घर चार चौकटींचं घेतलं तर छान मोकळं होतं. आता तिला एकच प्रश्न विचारायचा: १८ कशाच्या खाली लिहायचे?

इथे थांबा. खरंच थांबा, सांगून टाकू नका. या प्रश्नावरच सगळं गणित आहे. बरीच मुलं सवयीने १८ ला एकच्या खाली नेतात, कारण पूर्ण संख्या दिसली की ती ‘पूर्ण’च असणार असं त्यांना वाटतं. मग समीकरण मोठ्याने वाचायला लावा: “क्ष चे पाऊण बरोबर अठरा.” म्हणजे अठरा कोण आहे? पाऊण. मग लिही पाऊणच्या खाली. एकच्या खाली क्ष लिही, कारण तोच माहीत नाहीये.

भाग :    ० —— १/४ —— २/४ —— ३/४ —— १
संख्या :  ० —— ☐ —— ☐ —— १८ —— क्ष

आता शून्यापासून १८ पर्यंत किती घरं? तीन. तीन घरांत १८ तर एका घरात ६. मग ६, १२, १८ आणि पुढचं घर २४. झालं, क्ष = २४. यात कुठे काही पलीकडे गेलं नाही, चिन्ह बदललं नाही, उलटं झालं नाही.

पण ‘उलटं करून गुणा’ गेलं कुठे? इथेच आहे. आपण आधी ३ ने भागलं आणि मग ४ ने गुणलं. ३ ने भागून ४ ने गुणणं म्हणजेच ४/३ ने गुणणं. क्लासच्या सरांनी जे सांगितलं ते चूक नाहीच, फक्त त्यांनी या दोन पावलांची एक उडी करून दिली आणि पोरीला उडी कुठून कुठे मारायची ते दिसलंच नव्हतं. माझा नेम असा आहे की दोन आठवडे पोरांना उडी मारू द्यायची नाही, प्रत्येक वेळी ‘एका घरात किती’ हे वहीत लिहायलाच लावायचं. मग कोणीतरी एक जण स्वतःच म्हणतो, मॅडम दरवेळी छेदाने गुणतोय आणि अंशाने भागतोय, सरळ तसंच करू का? ते वाक्य मुलाच्या तोंडून आलं की मगच ‘गुणाकार व्यस्त’ हा शब्द फळ्यावर लिहायचा.

आणि ही मेथड परदेशातून आलीय म्हणून बिचकू नका. जपानच्या प्राथमिक पुस्तकांत अपूर्णांकांचा गुणाकार भागाकार अशाच दोन रेषांवर दाखवतात, नेदरलँड्समध्ये शेकडेवारीसाठी वापरतात, अमेरिकेत २०१० साली जो सामाईक अभ्यासक्रम आला त्यात सहावीच्या गुणोत्तरांसाठी हिचं नावच घातलंय. पण आपल्याकडे काय नव्हतं? माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, सगळं पाठ होतं. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, अशा चालीत. ही पाऊणकी आडवी लिहून बघा, वर एक दोन तीन चार, खाली पाऊण दीड सव्वादोन तीन. दुहेरी संख्यारेषाच आहे ती! आणि ३/४ क्ष = १८ म्हणजे पाऊणकीत अठरा कितव्या घरी येतात एवढाच प्रश्न, ‘चोवीस पाऊण अठरा’. आजोबांना समीकरण हा शब्द माहीत नसेल पण दुकानात ‘पाऊण किलोचे अठरा झाले तर किलोचा भाव काय’ हे ते पुडी बांधता बांधता सांगायचे. आपण एकमान पद्धत (आधी एकाचं काढायचं, मग हवं तितक्यांचं) शिकतो तीही याच घरची. फरक इतकाच की पाढ्यात ते कानाला कळायचं, रेषेवर डोळ्याला दिसतं.

वरची रेषा एकच्या पुढेही जाते हे तिला लवकर दाखवा, नाहीतर पोरं एकला कुंपण समजतात. दीड क्ष = २७ द्या. दीड म्हणजे ३/२, म्हणून अर्ध्या-अर्ध्याची घरं, २७ आले तिसऱ्या घराच्या शेवटी, एका घरात ९, आणि एक कुठेय? दुसऱ्या घराच्या शेवटी, म्हणजे अलीकडे. क्ष = १८. इथे उत्तर २७ पेक्षा कमी आलं आणि आधीच्या गणितात १८ पेक्षा जास्त आलं होतं. का, ते विचारा. रेषेवर बघून सातवीतली मुलगी सांगेल की तिथे आपण एकच्या अलीकडे उभे होतो, इथे पलीकडे आहोत. हा अंदाज एकदा बसला की साडेतेरासारखं उत्तर ती स्वतःच खोडेल, तुम्हाला लाल पेन घ्यावं लागणार नाही.

आता आकडे वाकडे असले तर? ५/६ क्ष = ७. पाच घरांत ७, एका घरात ७/५, सहा घरांत ४२/५ म्हणजे ८ पूर्णांक २/५. एका घराचं उत्तर अपूर्णांकात आलं की मुलं घाबरतात, आपण चुकलो असं वाटतं त्यांना, कारण पुस्तकातली सुरुवातीची गणितं सगळी नीट भाग जाणारी असतात. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी मुद्दाम न भाग जाणारं गणित घालते. आणि दोन्हीकडे अपूर्णांक, जसं २/३ क्ष = ५/८. याला भले भले दचकतात. पण रेषा काढा: वर तिसऱ्या भागांची तीन घरं, दुसऱ्याच्या शेवटी खाली ५/८. दोन घरांत ५/८ तर एका घरात त्याचं निम्मं, ५/१६. तीन घरांत १५/१६. बास. इथे एक गोष्ट आपोआप घडते जी नियमाने कधी घडत नाही, ती म्हणजे कुठला अपूर्णांक उलटा करायचा हा प्रश्नच येत नाही. वरच्या रेषेवर घरं कुणाच्या छेदाची पाडली? क्षला चिकटलेल्या अपूर्णांकाची. ५/८ बिचारा खाली नुसता संख्या म्हणून बसलाय, त्याला कोणी हात लावायचं कारणच नाही.

शाब्दिक उदाहरणांत तर ही रेषा सोन्यासारखी आहे, पण त्याआधी मराठीची एक गंमत वापरून घ्या. आपल्या भाषेत पूर्णाला चा-ची-चे लागतं. ‘टाकीचा ३/५ भाग भरला तेव्हा आत ४५० लिटर पाणी होतं.’ भाग कशाचा? टाकीचा. म्हणजे टाकी एकच्या खाली जाणार आणि ४५० जाणार ३/५ च्या खाली. तीन घरांत ४५०, एका घरात १५०, पाच घरांत ७५०, टाकी ७५० लिटरची. आणि ‘४५० लिटरच्या टाकीचा ३/५ भाग भरला’ असं असतं तर ४५० एकच्या खाली गेले असते आणि उत्तर आलं असतं २७०. दोन्ही वाक्यांत आकडे तेच, पेपर काढणारे नेमके इथेच पकडतात. मी मुलांना ‘कशाचा?’ या एका शब्दाला गोल करायला लावते.

सेलचं गणित बघा, त्यात मोठी माणसंही आपटतात. किंमत १/५ ने कमी केली, आता ड्रेस ६४० ला मिळतोय, आधी कितीला होता? नव्वद टक्के लोक, आमच्या स्टाफरूममधलेसुद्धा, ६४० चा पाचवा भाग १२८ काढून मिळवतात आणि ७६८ सांगतात. (नव्वद टक्के हे आपलं म्हणायला हो, मोजले नाहीत मी.) रेषेवर विचारा, पाचवा भाग कशाचा? जुन्या किमतीचा. जुनी किंमत एकच्या खाली, ती माहीत नाही. त्यातलं एक घर गेलं, उरली चार घरं, चार घरांत ६४०, घराला १६०, पाच घरांत ८००. तसंच उलट बाजूने, बिलात १८ टक्के जीएसटी धरून ५९० झाले तर मूळ किंमत किती? ५९० हे ११८ घरांच्या शेवटी आहेत, घराला ५, शंभर घरांत ५००. ११८ घरं कोणी काढत बसत नाही, रेषेवर ०, १०० आणि ११८ एवढ्या तीनच खुणा पुरतात. घरं खरीखुरी पाडायची गरज पहिल्या आठवड्यातच असते, नंतर नुसता खुणांचा कच्चा नकाशा.

आता जरा अवघड वळण. २/५ क्ष + ३ = १३. इथे बरीच मुलं, आणि खरं सांगायचं तर बरेच व्हिडिओवालेही, १३ ला सरळ २/५ च्या खाली टाकतात. चुकलं. मग मी तापाचं उदाहरण घेते. थर्मामीटर फॅरेनहाइटचा असतो, पुस्तकात सेल्सिअस. दोन्हीच्या रेषा एकाखाली एक काढा, शून्य सेल्सिअसच्या खाली ३२ फॅरेनहाइट, १० खाली ५०, २० खाली ६८, १०० खाली २१२. आता मुलांना विचारायचं, १० खाली ५० आहेत तर २० खाली १०० का नाहीत? दुप्पट केलं की. वर्गात एकदम शांतता होते. मग मागून कोणीतरी म्हणतं, “झीरो बघितला नाही मॅडम.” बरोब्बर. शून्याखाली शून्य नाही, ३२ आहे. पंपावर आधीच ३२ रुपये दिसत असताना पेट्रोल सोडल्यासारखं झालं ते.

मग करायचं काय? खालच्या रेषेवरून ते आगाऊचे ३२ काढून टाकायचे. १०४ ताप आलाय, सेल्सिअसमध्ये किती? समीकरण ९/५ क्ष + ३२ = १०४. आधी ३२ काढले, उरले ७२. आता शून्याखाली शून्य आलं आणि रेषा कामाची झाली. नऊ घरांत ७२, घराला ८, पाच घरांत ४०. ताप ४० सेल्सिअस. तसंच २/५ क्ष + ३ = १३ मध्ये आधी ३ काढा, २/५ क्ष = १०, घराला ५, पाच घरांत २५. आता तुमच्या लक्षात आलं का, आपण नेहमी ‘आधी बेरीज-वजाबाकीचं पद हलवा, मग गुणाकाराचं’ असा नियम सांगतो आणि का ते कधीच सांगत नाही? तर, दोन्ही शून्यं समोरासमोर आणायला. आधी भागलं तरी चालतं म्हणा, पण मग त्या ३ लाही भागावं लागतं आणि पोरं तिथे हमखास विसरतात.

दोन्ही बाजूंना क्ष असेल तरी जमतं. क्ष/२ = क्ष/३ + ४. वरच्या रेषेवर अर्धा पण हवाय आणि एक तृतीयांश पण, म्हणून घरं सहा पाडायची, लसावि म्हणतात तो हाच, इथे त्याला काहीतरी काम मिळतं. अर्धा आला तिसऱ्या घराच्या शेवटी, तृतीयांश दुसऱ्याच्या शेवटी, आणि समीकरण सांगतंय की या दोघांत ४ चा फरक आहे. म्हणजे मधलं एक घर ४ चं. सहा घरं २४. ज्या मुलीला अपूर्णांकांची वजाबाकी करताना लसावि का काढायचा हे दोन वर्षं कळलं नव्हतं तिने या एका चित्रावर “अच्छाऽऽ” केलेलं मी ऐकलंय.

यावरून भास्कराचार्यांचं कमळांचं गणित आठवलं, लीलावतीतलं, ११५० च्या आसपासचं आहे, तुमच्या मुलीला नक्की द्या. कमळांच्या राशीतला तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि उरलेल्या सहा कमळांनी गुरूच्या पायांची पूजा केली, तर एकूण कमळं किती? एकच रेषा घ्या आणि साठ घरं धरा, कारण ३, ५, ६, ४ सगळ्यांचा लसावि साठ. तिसरा भाग वीस घरं, पाचवा बारा, सहावा दहा, चौथा पंधरा, बेरीज सत्तावन्न. उरली तीन घरं, त्यांत सहा कमळं. घराला दोन, साठ घरांत एकशेवीस. भास्कराचार्य स्वतः हे ‘इष्टकर्मा’ने करतात, म्हणजे मनाने एक सोयीची संख्या धरायची, तिच्यावर सगळे भाग काढून बघायचे, आणि मग त्रैराशिकाने खऱ्या संख्येवर यायचं. साठ धरली तर तीन उरतात, उरायला हवीत सहा, मग साठची दुप्पट. बघा, आपल्या रेषेवर साठ घरं पाडणं आणि असं मनाने साठ धरणं यात काय फरक आहे?

चुका कुठे होतात ते सांगते, कारण घरी शिकवताना तुम्हाला त्याच दिसणार आहेत. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घरं मोजायच्या ऐवजी रेघा मोजणं. शून्याची रेघ धरून चार रेघा होतात म्हणून १८ ला चारने भागतात आणि साडेचार येतं. पट्टीने मोजताना एकपासून मोजणारी मुलं असतात ना, तीच ही. घरावर बोट ठेवून मोजायला लावा, रेघेवर नाही, किंवा दोन रेघांमध्ये कमानी काढायला लावा, उड्या मारत गेल्यासारख्या. दुसरी चूक, खालच्या रेषेवर मिळवत जाणं: पाऊणच्या खाली १८, पुढे पाव भाग राहिला म्हणून १८ मध्ये पाव मिळवून सव्वाअठरा लिहितात. ही जरा खोल चूक आहे, तिथे दोन रेषांची मापं वेगळी आहेत हेच डोक्यात बसलेलं नाही, परत पंपावर जा, पाव लिटर म्हणजे पाव रुपया नाही. घरं लहान-मोठी काढतात त्याकडे मात्र दुर्लक्ष केलं तरी चालेल, आकडे बरोबर जोडीत असले म्हणजे झालं. ही चित्रकला नाहीये. काही शाळांत रंगीत पेनने दोन रेषा काढून शेडिंग वगैरे करून घेतात, त्यात अर्धा तास जातो आणि गणित एकच होतं, मला तो प्रकार अजिबात पटत नाही.

आणि ही रेषा सगळीकडे चालत नाही तेही ऐकून ठेवा. क्ष छेदात गेला, समजा १२/क्ष = ३/४, तर सरळ रेषा बसत नाही, आधी ते ३ क्ष = ४८ किंवा ‘क्षचे पाऊण बारा... नाही, ३ ला ४ तर १२ ला किती’ असं वळवून घ्यावं लागतं. वळवल्यावर चालते, वर ३ आणि १२, खाली ४ आणि क्ष, उत्तर १६. (मी वर ‘क्षचे पाऊण बारा’ म्हणून गेले आणि थांबले, ते तसंच राहू दिलंय, कारण खरं तर तेही बरोबरच आहे, १६ चे पाऊण बारा. पण मुलं हे वळण न समजता घेतात तेव्हा घसरतात.) व्यस्त प्रमाण असेल, माणसं वाढली की दिवस कमी, तर मात्र ही रेषा विसरा. तिथे शून्याखाली शून्य येऊच शकत नाही, शून्य माणसं शून्य दिवसांत काम संपवतील का? ऋण संख्या चालतात, −२/३ क्ष = ८ मध्ये रेषा शून्याच्या डावीकडे वाढवायची, पण माझा अनुभव असा की त्यात चित्रच जास्त अवघड होतं, तिथे मी चिन्ह बाजूला ठेवून आधी २/३ चं काढायला सांगते, १२, आणि मग चिन्ह लावते, −१२.

पेपरातल्या मार्कांचं. रेषा कच्च्या कामात, उत्तरपत्रिकेत नेहमीच्या पायऱ्या. ३/४ क्ष = १८, मग दोन्ही बाजूंना ३ ने भागून १/४ क्ष = ६, मग दोन्ही बाजूंना ४ ने गुणून क्ष = २४. बघा, ‘एका घरात किती’ हीच मधली पायरी झाली, आणि कुठलाही परीक्षक याला पूर्ण मार्क देईल. खाली ताळा लिहायची सवय लावा, २४ चे पाऊण १८, पाच सेकंदांचं काम.

घरी किती दिवस करायचं म्हणाल तर रोज तीन गणितं, दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात रेषा न काढता नुसतं ‘एका घरात किती’ तोंडी. रेषा सुटत नसेल तर ओढून काढू नका, काहींना महिना लागतो.

आज रात्री एवढंच करा. ५/८ क्ष = ३५ द्या आणि आकडेमोड करायच्या आधी विचारा, क्ष ३५ पेक्षा मोठा का लहान. मग रेषा, घराला ७, उत्तर ५६. ते आलं की ३५ खोडून ३६ करा आणि गप्प बसा. एका घरात ७ पूर्णांक १/५ लिहून ती पुढे गेली, ५७ पूर्णांक ३/५ पर्यंत पोचली, तर उद्या पाऊण-दीडची गणितं सोडून सरळ कमळांचं द्या. अडकली तर वही मिटा आणि टेप काढा.